रात्री दहाची वीस मिनिटे

(नारद जयंतीनिमित्त झालेल्या पत्रकार मेळाव्यातील भाषणाचा संपादित मजकूर.)



नारद जयंतीला पत्रकारांनी एकत्र जमावे, हा प्रघात आता आपल्याकडे चांगलाच रुळला आहे. लहानपणी चित्रपटांतून आणि नाटकांतून आपण जो नारद पाहिला तो 'कळलाव्या' होता. इकडचे तिकडे सांगून गंमत पाहणारा. पुराणे वाचू लागलो तेव्हा मला एका वेगळ्याच गोष्टीचे नवल वाटले. नारदाला देवांच्या सभेत आसन मिळते, तसे असुरांच्या सभेतही मिळते. हिरण्यकशिपूची पत्नी कयाधू त्याच्या आश्रमात निर्धास्तपणे राहते आणि कंसही त्याचे म्हणणे ऐकून घेतो. तो विष्णुभक्त आहे हे सर्वांना ठाऊक आहे, त्याने ते कधी लपवलेले नाही. तरीही त्याच्यासाठी कोणाचेही दार बंद होत नाही.

आज मी ज्या पत्रकाराविषयी बोलणार आहे, त्याचे नाव ऐकून आपल्यापैकी काहींच्या भुवया उंचावतील. सुरेंद्र प्रताप सिंह. हिंदी पत्रकारितेत त्यांना सारे 'एस. पी.' म्हणत. हा माणूस आपल्या विचारांचा नव्हता. मंडल आयोगाच्या प्रश्नावर ते आरक्षणाच्या बाजूने ठामपणे उभे राहिले, अयोध्या आंदोलनाच्या ते विरोधात होते. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे भाषणानंतर कोणी मला बाजूला घेऊन सांगायला नको. तरीही राजकीय पत्रकार दूरचित्रवाणीवर गेला तर त्याने कसे जावे, याचे उदाहरण म्हणून मला प्रथम तेच आठवतात.

एस. पी. यांचा जन्म १९४८चा, उत्तर प्रदेशातील गाझीपूर जिल्ह्यातला. वाढले मात्र बंगालमध्ये, कोलकात्याजवळच्या गिरणगावात. गाझीपूर-बलियाकडची माणसे तागाच्या गिरण्यांत कामाला जात, तशीच ही वसाहत. आपल्या परळ-लालबागला ज्यांनी बालपण काढले आहे त्यांना ते वातावरण समजावून सांगायला नको. शिक्षण कोलकात्यात झाले आणि पत्रकारितेचे पहिले धडे मात्र त्यांनी आपल्या मुंबईत गिरवले. १९७०च्या दशकाच्या आरंभी टाइम्स समूहात उमेदवार पत्रकार म्हणून ते आले आणि 'धर्मयुग'मध्ये धर्मवीर भारती यांच्या हाताखाली त्यांनी काम केले. भारतींची शिस्त हिंदी जगात प्रसिद्ध होती, तिचा धाकही होता. 'धर्मयुग' हे साहित्य-संस्कृतीचे साप्ताहिक, प्रत्येक शब्द तोलून-मापून छापणारे. त्या तालमीतून हा तरुण बाहेर पडला आणि गेला एकदम उलट दिशेला.

१९७७ साली आणीबाणी उठली. त्या एकवीस महिन्यांविषयी या सभागृहात मी अधिक काय बोलावे? येथे बसलेल्या अनेकांच्या घरातील कर्ती माणसे तेव्हा येरवड्याला किंवा नाशिकच्या कारागृहात होती. वृत्तपत्रांवर सेन्सॉर आणि आकाशवाणी तर सरकारचीच. घराघरांत रात्री हळू आवाजात बीबीसी लावले जाई. त्याच फेब्रुवारीत दिल्लीच्या रामलीला मैदानावर विरोधकांची मोठी सभा होती आणि नेमक्या त्याच दिवशी दूरदर्शनवर 'बॉबी' दाखवण्यात आला. लोक तरीही सभेला गेले. सरकारी पडद्याविषयी जनतेचे मत काय होते, हे कळायला एवढे पुरे आहे.

आणीबाणी उठल्यावर वाचकाची भूक उफाळून आली. काय काय घडले, कोणी काय केले, हे त्याला जाणून घ्यायचे होते. आनंदबझार समूहाने कोलकात्याहून 'रविवार' हे हिंदी साप्ताहिक काढले ते याच काळात, आणि त्याचे संपादन तिशीही न ओलांडलेल्या एस. पीं.कडे आले. त्यापूर्वी हिंदी साप्ताहिक म्हटले की कथा, कविता, प्रवासवर्णन आणि थोडे राजकारण. 'रविवार'ने राजकारण मध्यभागी आणले, तेही दिल्लीतील नव्हे, जिल्ह्यातील. बिहारमधले पोलीस ठाणे, पूर्व उत्तर प्रदेशातला जमीनदार, खाणीतला कंत्राटदार. जिल्ह्याच्या गावी राहून लिहिणारी, तोवर कोणी विचारत नसलेली तरुण मुले त्यांनी हेरली. त्यांची बातमी छापली, नाव छापले. आपल्याकडे तालुक्याच्या वार्ताहराला काय किंमत असते, हे आपण जाणतो. बातमी त्याची आणि नाव 'आमच्या प्रतिनिधीकडून'!

सुमारे आठ वर्षे हे चालले. १९८५ साली एस. पी. पुन्हा मुंबईस आले, 'नवभारत टाइम्स'चे निवासी संपादक म्हणून. तेथून दिल्लीला, राजेंद्र माथुर यांच्याबरोबर कार्यकारी संपादक. माथुर हे चिंतन करणारे, सावकाश लिहिणारे संपादक; एस. पी. बातमीच्या मागे धावणारे. ही जोडी हिंदी वृत्तपत्रसृष्टीत अजून आठवली जाते. एप्रिल १९९१मध्ये माथुर गेले. पुढे एस. पीं.नीही ते वृत्तपत्र सोडले आणि काही काळ 'टेलिग्राफ' या इंग्रजी दैनिकाचे राजकीय संपादकपद सांभाळले. मधल्या काळात चित्रपटाशीही त्यांचा संबंध आला. गौतम घोष यांच्या 'पार'मधील हिंदी संवादलेखनात त्यांचा हात होता. हे मी मुद्दाम सांगतो. माणसे प्रत्यक्षात कशी बोलतात, याकडे त्यांचे लक्ष होते. पुढे त्याचा उपयोग झाला.

आता दूरचित्रवाणीकडे येतो. ३१ ऑक्टोबर १९८४ आठवा. इंदिरा गांधी यांच्या हत्येचे वृत्त देशाला दुपारीच बीबीसीवरून कळले, आणि सरकारी माध्यमांनी ते संध्याकाळी अधिकृतपणे सांगितले. दूरदर्शनचा वृत्तविभाग असा चाले. पुढे १९८८च्या सुमारास काही मंडळींनी यातून वाट काढली. 'न्यूजट्रॅक' ही व्हिडिओ कॅसेटवरची मासिक वृत्तपत्रिका निघाली, नंतर विनीत नारायण यांनी हिंदीत 'कालचक्र' काढले. कॅसेट भाड्याने आणायची आणि घरी पाहायची. त्यासाठीही सेन्सॉर बोर्डाचे प्रमाणपत्र लागे. फेब्रुवारी १९९५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की आकाशलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, सरकारची मिरास नव्हे. खटला क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून उभा राहिला होता, परिणाम मात्र बातम्यांवर झाला.

त्याच वर्षी १७ जुलैला दूरदर्शनच्या मेट्रो वाहिनीवर रात्री दहा वाजता 'आज तक' सुरू झाले. अवघी वीस मिनिटे. ते बातमीपत्र तयार करीत होती एक खाजगी संस्था, प्रक्षेपण सरकारी वाहिनीवर. ध्वनिचित्रफीत तयार करून ती आधी दूरदर्शनकडे पोहोचवायची आणि मग ती लागायची. म्हणजे स्वातंत्र्य होते आणि नव्हतेही. कार्यकारी निर्माते आणि वृत्तनिवेदक, दोन्ही एस. पी.

त्या वेळी मी मुंबईतील एका मराठी दैनिकात रात्रपाळीचा उपसंपादक होतो. वय पंचवीसच्या आसपास. दहा वाजता आमची डाक आवृत्ती सुटलेली असे आणि शहर आवृत्तीची पाने लागायची असत. वृत्तसंपादकांच्या टेबलाशेजारी एक जुना टीव्ही होता, तो क्रिकेटसाठीच लावला जाई. पहिल्याच आठवड्यात कोणीतरी म्हणाले, "तो नवा हिंदी कार्यक्रम लावा जरा." पडद्यावर दाढीवाला, चष्मा लावलेला एक माणूस आला. निवेदक म्हणून त्याला कोणी निवडले असते असे वाटत नाही. आवाज गोड नव्हता, चेहऱ्यावर रंगरंगोटी नव्हती. तो बातमी वाचत नव्हता, सांगत होता. मंत्र्याचे विधान सांगून झाले की ओठांच्या कोपऱ्यात किंचित हसू येई. त्या हसण्यावर दूरदर्शनचा अधिकारी कात्री लावू शकत नव्हता!

शेवटी ते म्हणत की या होत्या आजपर्यंतच्या बातम्या, आता उद्यापर्यंत वाट पाहा. दोन-तीन महिन्यांत ते वाक्य गल्लीतली पोरेही म्हणू लागली. आमच्या कार्यालयात तर शहर आवृत्तीचे शेवटचे पान सुटले की शिपाई दिवे मालवताना तेच म्हणे.

हिंदीविषयी बोलतो. दूरदर्शनची हिंदी छापील परिपत्रकासारखी असे. एस. पीं.नी चौकातली, रेल्वेच्या डब्यातली हिंदी आणली. त्यात उर्दू शब्द आले, इंग्रजीही आले. येथे माझे त्यांच्याशी पूर्ण जमत नाही. आपण सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या संस्कारात वाढलो. 'महापौर' आणि 'दिग्दर्शक' हे शब्द आपल्या जिभेवर सहज रुळले, ते कोणीतरी आग्रह धरला म्हणूनच. एस. पीं.चा शब्द मोकळा होता, पण नेमका होता. 'धर्मयुग'मध्ये वाक्य तासून घेतलेल्या माणसाची ती मोकळीक होती. त्यांच्यामागून आलेल्यांनी मोकळीक तेवढी उचलली, तासणे विसरले. आजच्या मराठी वाहिन्यांवरील मराठी ऐकून आपण जो त्रागा करतो त्याचे मूळ मला तेथे दिसते.

आता एक प्रसंग. २१ सप्टेंबर १९९५. गणपती दूध पितो, ही वार्ता पहाटे दिल्लीत उठली आणि दुपारपर्यंत लंडनला पोहोचली. आमच्या गिरगावातील चाळीत सकाळपासून वाट्या-चमचे घेऊन रांग. आईने देव्हाऱ्यातल्या पितळी गणपतीला चमचा लावला, दूध खाली गेले, आईच्या डोळ्यांत पाणी आले. मीही पाहिले. खोटे कशाला बोलू, माझ्याही अंगावर काटा आला.

त्या दिवशी 'आज तक'ने काय केले ते एस. पीं.चे सहकारी अजून सांगतात. पदपथावर चपला दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराची लोखंडी तिपाई घेतली, तिला दूध लावले आणि तीही दूध 'पिते' हे कॅमेऱ्यावर दाखवले. सरकारी वैज्ञानिकांनी रंगीत दूध वापरून पृष्ठताणाचे स्पष्टीकरण दिले, तेही लोकांना त्या तिपाईइतके पटले नसेल.

मी संतापलो. घरी येऊन वडिलांना म्हणालो, "हे मुद्दाम आपल्या देवाची चेष्टा करतात." वडील जुने स्वयंसेवक, आणीबाणीत तुरुंगात जाऊन आलेले. ते पेपर खाली न ठेवता म्हणाले, "सावरकरांचे 'विज्ञाननिष्ठ निबंध' फळीवर आहेत. शोभेला ठेवलेत का?" मग थोड्या वेळाने, "आईला मात्र काही बोलू नकोस." एवढेच. मी त्या दोन्ही वाक्यांवर पुष्कळ विचार केला आहे. दुसऱ्यावर अधिक. एस. पीं.नी श्रद्धावंतांची टिंगल केली असती, रांगेतल्या बायाबापड्यांवर कॅमेरा रोखून हसले असते, तर मी आज येथे त्यांचे नाव घेतले नसते. त्यांनी माणसे सोडली आणि तिपाई दाखवली.

पुढचे वर्ष राजकारणाच्या दृष्टीने विलक्षण होते. जानेवारी १९९६मध्ये हवाला प्रकरणी आरोपपत्रे आली. लालकृष्ण अडवाणी यांनी लोकसभेचा राजीनामा दिला आणि निर्दोष सुटेपर्यंत निवडणूक लढवणार नाही असे जाहीर केले. एप्रिल १९९७मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात ते आरोप टिकले नाहीत. मे १९९६मध्ये अटलजींचे तेरा दिवसांचे सरकार आले आणि गेले. विश्वासदर्शक ठरावावरील चर्चा दूरदर्शनने थेट दाखवली. देशाने संसद अशी घरात बसून पाहिली. त्या रात्री दहाला आम्ही कार्यालयात टीव्ही लावला तेव्हा कोणीतरी विचारले, "सगळ्यांनी दिवसभर पाहिलेच आहे, आता हा काय सांगणार?" प्रश्न रास्त होता. उत्तर असे की तो कोणत्या क्षणानंतर कोण कोणाकडे वळून पाहत होते ते सांगणार. कोणता पक्ष का फिरला, त्याचे तीन वर्षांपूर्वीचे मूळ कोणत्या जिल्ह्यात आहे, हे सांगणार. यासाठी अंगभूत लागते ती वीस-बावीस वर्षांची पायपीट. पाटण्याचा, लखनौचा, रांचीचा माणूस त्याला ओळखत होता आणि सर्व पक्षांतील माणसे त्याचा फोन घेत होती, त्यांतले कित्येक त्याच्या लेखणीने दुखावलेले असूनही. पडद्यावर जे खर्च होत होते ते सारे छापील पानावर कमावलेले होते.

त्यांनी हाताखाली तरुणांची फळी उभी केली. कमर वहीद नकवी, आशुतोष, दीपक चौरसिया ही त्यातली पुढे गाजलेली नावे. त्यातील अनेकांशी आपले मतभेद आहेत, ते असू द्या.

१३ जून १९९७ रोजी दिल्लीतील 'उपहार' चित्रपटगृहाला आग लागली. 'बॉर्डर' चित्रपटाचा खेळ चालू होता. ५९ माणसे गुदमरून गेली. त्यानंतर काही दिवसांतच एस. पीं.ना मेंदूतील रक्तस्राव झाला आणि २७ जूनला ते गेले. वय ४८. पडद्यावर ते जेमतेम दोन वर्षे होते. आम्ही बातमी पहिल्या पानावर घेतली. वृत्तसंपादकांनी मथळ्यात 'वृत्तनिवेदक' लिहिले होते, मी ते खोडून 'संपादक' केले. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि तसेच जाऊ दिले.

'आज तक'ची चोवीस तासांची वाहिनी सुरू झाली ३१ डिसेंबर २०००ला. ती एस. पीं.नी पाहिली नाही. वीस मिनिटांत काय घ्यायचे हा ज्याचा रोजचा झगडा होता, त्याने चोवीस तासांत काय भरायचे या प्रश्नाचे काय केले असते, कोण जाणे.

मला तो प्रश्न भेटला. २००७मध्ये मराठी वृत्तवाहिन्या सुरू झाल्या आणि वृत्तपत्रांतील आमच्यासारख्यांना बोलावणी आली. मी गेलो. कोणती वाहिनी ते सांगत नाही, आणि चूक तिची नव्हतीच. एका संध्याकाळी एक वयोवृद्ध नेते आजारी असल्याचे कळले. अन्य एका वाहिनीवर त्यांच्या निधनाची पट्टी फिरू लागली. आमच्या कक्षात सगळे माझ्याकडे पाहू लागले. सर्वांत ज्येष्ठ मीच होतो. त्या नेत्यांच्या घरचा दूरध्वनी क्रमांक माझ्या वहीत होता, वर्षानुवर्षांचा. तो फिरवायला दोन मिनिटे लागली असती. मी म्हणालो, "चालवा."

दहा-बारा मिनिटांनी फोन आला. त्यांच्या कन्या होत्या. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "दादा, बाबा माझ्यासमोर पेज घेत आहेत. टीव्ही त्यांच्या खोलीत चालू होता. तुमची वाहिनी ते नेहमी लावतात, तुम्ही तिथे आहात म्हणून."

पट्टी काढली. दिलगिरीची ओळ मी आग्रहाने चालवली, ती तीन वेळा फिरली. मला कोणी जाब विचारला नाही. त्या आठवड्याच्या बैठकीत विषयही निघाला नाही, कारण त्या तासाचे आकडे चांगले होते. वीस वर्षे ज्या घरात मी उंबरठ्याबाहेर चपला काढून जात होतो, तेथे नंतर जायला मला सहा महिने लागले. गेलो तेव्हा ते अंगणात बसले होते. मला पाहून म्हणाले, "या. मी आहे अजून." मग चहा आला आणि आम्ही जिल्हा बँकेच्या निवडणुकीवर बोललो. पुढे वर्षभरात मी वाहिनी सोडली आणि वृत्तपत्रात परतलो.

विद्यार्थी मित्रांपैकी बहुतेकांना पडद्यावर जायचे आहे, हे मला मघाशी बोलताना कळले. अवश्य जा. त्यापूर्वी तालुक्याच्या गावी चार वर्षे काढता आली तर पाहा. नाहीच जमले, तर निदान प्रत्येकाचा घरचा क्रमांक वहीत असू द्या आणि वेळ आली की तो फिरवा.

एस. पीं.चे निवडक लेखन २०११ साली हिंदीत पुस्तकरूपाने आले आहे. माझ्याकडची प्रत मी संयोजकांकडे ठेवून जातो. समासात पेन्सिलीने केलेल्या खुणा माझ्या आहेत, कित्येक ठिकाणी प्रश्नचिन्हे आहेत, एका लेखावर तर रागाने मोठी फुली मारलेली आहे. ती तशीच वाचा. आणि प्रत फिरून माझ्याकडे येईल एवढे पाहा, कारण ती आता सहज मिळत नाही.